पाण्याखालचे प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊंना मी विहिरीच्या तळाशी बसलेलं पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

पुसदच्या बाहेर त्यांचं शेत आहे. माझी पत्नी जाऊन तेव्हा महिना झाला होता आणि कुणाशी तरी चार शब्द बोलावे म्हणून मी तिकडे गेलो होतो. विहिरीत डोकावलो. दीड पुरुष नितळ पाणी, आणि तळाशी मांडी घातलेले प्रल्हादभाऊ. डोळे सताड उघडे. कमरेला तराजूची पाच-पाच किलोची दोन वजनं. मी दोर शोधायला धावलो, इतक्यात ते स्वतःच पायऱ्या धरून वर आले.

"ओरडता काहून, सर? एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते. नोंद घ्या."

प्रल्हादभाऊ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा. वरणात मीठ जास्त झालं तरी वहिनींना म्हणणार, "नोंद घे." वहिनी म्हणायच्या, "लग्नापासून नोंदच घेऊन राह्यली मी." खोटी नोंद मात्र त्यांनी कधी केली नाही. त्यापायी सख्ख्या साळ्याशी वैर घेतलं.

हा माणूस जन्मात पूस नदीत गुडघ्याच्या वर उतरला नव्हता. एकसष्टाव्या वर्षी, लग्नाला जातो म्हणून गोव्याला गेला आणि नाकाचं साल गेलेलं, खिशात डायव्हिंग शिकल्याचं पाणबुड्याचं कार्ड, असा परत आला. त्यानंतर बँकेतसुद्धा आधारऐवजी तेच कार्ड पुढे करायचे.

"काका, याच्यावर पत्ता कुठी आहे?" बँकेतली मुलगी विचारायची.

"समुद्र," प्रल्हादभाऊ म्हणायचे.

पोवळ्याची अंगठी घातलेला माणूस दिसला की त्याची धडगत नसे. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी एका अनोळखी गृहस्थाचं बोट धरलं. "हे काय आहे, माहीत आहे? जित्या जिवाचं घर आहे. दुसऱ्याचं घर बोटात घालून फिरून राह्यले तुम्ही!" गृहस्थ चहा टाकून उठले.

हे सगळं कशासाठी, ते मला वहिनींकडून कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी शुभांगी तलाठ्याची परीक्षा पास झाली होती. ती नोकरी नाकारून ती अंदमानला गेली. आता तिची स्वतःची छोटी बोट आहे. लोकांना बेटाबेटांतून फिरवते, प्रवाळ दाखवायला पाण्याखाली नेते. ती जाताना प्रल्हादभाऊ म्हणाले होते, "बुडायचंच असन तर इकडे तोंड दाखवू नको." तिने सहा वर्षं दाखवलं नाही. फोन झाला तरी दुसऱ्या मिनिटाला दोघं भांडायचे.

"पाण्याखाली तोंडात नळी राह्यते, सर," प्रल्हादभाऊंनी मला एकदा समजावलं. "तिच्याही आणि माह्याही. भांडाव कसं?"

वहिनींनी मुलीला विचारलं. तिचा निरोप आला, "गिऱ्हाईक म्हणून येऊ दे." वहिनींना बोट लागते. तेव्हा प्रल्हादभाऊंनी मला धरलं. "पंचनाम्याले एक पंच पाह्यजे. तुम्हाले तरी घरी कोणतं काम आहे?"

खरंच नव्हतं. पत्नी जाऊन आठ महिने झाले होते. मी गेलो.

शुभांगीने बोटीवर आम्हा दोघांना सारखाच नमस्कार केला. वडिलांना "सर, इथे बसा," म्हणाली. प्रल्हादभाऊ बसले. बोट निघाली. वाटेत तिने नियम सांगितले. "ज्याने आधी डायव्हिंग केलेलं आहे तो माझ्या मागून येईल. नवीन माणसाला मी शेवटपर्यंत धरून ठेवते, क्षणभरही सोडत नाही. नवीन माणूस घाबरून हवा भराभर संपवतो, त्याला लवकर वर आणावं लागतं."

मग एकेकाला फॉर्म दिला. पूर्वी डायव्हिंग केलं आहे का?

मी शेजारीच होतो. प्रल्हादभाऊंनी चष्मा पुसला, पेन झटकलं आणि त्यांच्या त्या रेखीव कचेरी अक्षरात लिहिलं: नाही.

विहिरीपाशी बसला नव्हता एवढा धक्का मला बसला. त्यांनी मान वर केली नाही. नुसतं पुटपुटले, "याची नोंद घेऊ नका, सर."

ते दोघं पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही. अंगात फुगवलेलं जाकीट, हातात बोटीची शिडी, अशा अवस्थेत मी डोळ्यांना काच लावून तोंड पाण्यात घातलं. खाली प्रवाळाचं रान होतं. कुठे फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं पांढुरकं, कुठे ओल्या हळदीच्या गड्ड्यासारखं बोटाबोटांचं. निळे मासे त्यातून पाखरांसारखे उठत होते. हे हिला घरी जाऊन सांगायचं, असं मनात आलं आणि मग आठवलं. काचेच्या आतही पाणी जमलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा ते दोघं माझ्या अगदी खाली होते. शुभांगीच्या मुठीत वडिलांच्या खांद्याचा पट्टा घट्ट होता. प्रल्हादभाऊंनी दोन्ही हात छातीशी घेतले होते आणि ती नेईल तिकडे ते जात होते. वाद नाही, नकार नाही. सहा वर्षांत कुणी त्यांना इतकं शहाण्यासारखं वागताना पाहिलं नसेल.

बऱ्याच वेळाने वर आले. तिने त्यांच्या पाठीवरचं सिलेंडर उतरवलं आणि काट्याकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती. तिने पुन्हा पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. साहेब तपासणीला आल्यावर कारकून बघतो तसे प्रल्हादभाऊ भलतीकडेच बघत होते. मी शिडी धरून उभा, आता काय होतं म्हणून.

शुभांगीने टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसायला लागली, जरा जोरातच.

"लय कच्चे आहात, बाबा," ती म्हणाली. "उद्याही धराव लागन."