पंपघरातला दुसरा आवाज

चष्मेवाल्याने फुंकर मारली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचं झाकण घरंगळत खाली आलं. त्याच क्षणी त्याच्या बायकोने ठरवलं, आता या घरात एक तर हे पितळ राहील, नाहीतर मी.

पितळ म्हणजे ट्यूबा. बँडमध्ये सगळ्यात मागचा माणूस अजगर गुंडाळल्यासारखा जो भलामोठा भोंगा अंगाभोवती घालतो, तो. चष्मेवाला दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावायचा आणि घरी आला की चपला काढायच्या आधी भोंग्याला तोंड लावायचा. सासरे दवाखान्यात होते तेव्हा भेटायला म्हणून गेला आणि तिथला जनरेटर कुठल्या सुरात चालतो तेच त्यांना समजावत बसला. बायको मोटारी आणि पंप दुरुस्त करायची. वस्तीत सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. पण नवऱ्याने फुंकलं की ती साधना आणि बायकोने ठोकलं की ती खटखट, ही वाटणी या घरातही कुणी न सांगता होऊन बसली होती.

"हे बघा," ती म्हणाली, "मी दिवसभर कानांवर पोट भरते. घरी आल्यावर कानांना सुट्टी पाहिजे. कुठे फुंकायचं तिथे फुंका, या चार भिंतींत नको."

कानांवर पोट भरते हे खरंच होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ आपल्या कानाला लावायची, घटकाभर डोळे मिटायचे आणि उघडायच्या आधीच काय बिघडलंय ते सांगून टाकायचं, अशी तिची पद्धत.

चष्मेवाला वाद घालणाऱ्यांतला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी भोंगा उचलून बाहेर पडू लागला. मित्राचं गोदाम रिकामं आहे म्हणाला. कुठला मित्र, कुठलं गोदाम, मिस्त्रिणीने काही विचारलं नाही. शांतता आयती मिळाली की कोण चौकशी करतं?

आणि नेमका तेव्हाच इमारतीचा पंप बोलायला लागला.

हे वाईट वेळी झालं. वसाहतीत चार इमारती. चारींच्या पंपांचं वर्षभराचं काम आजवर एका कंपनीकडे होतं. तिचा माणूस दहा वेळा बोलावल्यावर एकदा उगवायचा. आता ते काम मिस्त्रिणीला द्यायचं की नाही, हे महिनाअखेरच्या सभेत ठरणार होतं. तोवर स्वतःच्या इमारतीचा पंप नीट सांभाळून दाखव, असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. हे काम मिळालं की दारोदारची वणवण संपणार होती.

अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर. ते वरच्या मजल्यावरच्या वहिनींना घेऊन दारात आले. पाणी वर चढवायला पंप लावला की नळातून विचित्र आवाज येतो, अशी तक्रार होती. कसला आवाज, म्हणून मिस्त्रिणीने विचारलं. मास्तरांनी घसा साफ केला आणि गंभीर चेहऱ्याने "भूंऽऽ" असा आवाज काढला.

"असं नाही हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी जरा घसरतं. मग पुन्हा चढतं, आणि मध्येच ढेकर दिल्यासारखं होतं."

मिस्त्रिणीने डोळे मिटून दोघांचे आवाज ऐकले आणि निदान केलं, बेअरिंग गेलंय. सकाळी पंप उघडून तिने नवीन बेअरिंग बसवलं, चालवून बघितलं. मोटार लोण्यासारखी फिरत होती. संध्याकाळी ती कामावर बाहेर असताना आवाज पुन्हा आला. मग तिने आतला पंखा बदलला. आवाज आला. मोटारीखालचे रबर बदलले, पाया आवळला, पाइपांना पट्ट्या मारल्या. आता तर तो म्हणे अधिक मोकळेपणाने येऊ लागला होता. जिन्यात बायका तिला बघून बोलायच्या थांबू लागल्या. कंपनीचा माणूस, एरवी बोलावूनही न येणारा, फाटकापाशी अध्यक्षांशी हसत बोलताना दिसला.

मिस्त्रिणीची झोप उडाली, पण भीतीपेक्षा जास्त कुतूहलाने. असा कोणता बिघाड असतो जो सकाळी नसतो आणि संध्याकाळी असतो? तिने संध्याकाळची सगळी कामं टाळली, स्वयंपाकघरातल्या पाइपाला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि पंप सुरू व्हायची वाट बघत राहिली.

पंप सुरू झाला. मोटार ठणठणीत होती. पण तिच्या शेजारी दुसराही एक आवाज होता, आणि तो मधूनमधून श्वास घेत होता. मोटार श्वास घेत नाही.

ती तशीच खाली गेली. पंपघरात उलट्या बादलीवर चष्मेवाला डोळे मिटून बसला होता. अंगाभोवती अजगर, शेजारी कुलूप, कुलपात घरच्याच खिळ्यावर टांगलेली पंपघराची किल्ली.

"हे तुमचं गोदाम?"

"तूच म्हणालीस, घरात नको," तो म्हणाला. "आणि पंप काय सुंदर सूर धरतो गं. एकदा लागला की हलत नाही. तू बेअरिंग घातल्यापासून तर फारच..."

"अहो, पाइपातून सगळ्या इमारतीला ऐकू जातंय."

चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी ऐकत होतं. "सगळ्यांना? काय म्हणतात?"

"म्हणतात, बेअरिंग गेलंय."

त्या संध्याकाळपासून भोंगा बंद झाला. नळ गप्प झाले. मिस्त्रीण सभेची वाट बघू लागली.

सभेत अध्यक्षांनी तिच्याकडे तक्रारीच्या नजरेने बघितलं. पंपाचा आवाज साफ बंद झाला होता. त्यामुळे पंप चालू आहे की नाही तेच कळत नव्हतं. भूं झाला की लोक बादल्या लावायचे. आता ताटकळत बसतात आणि पाणी निघून जातं. वहिनी म्हणाल्या, त्या घसरणीवर सासूबाईंचा डोळा लागायचा, आता त्या जाग्याच असतात आणि बोलतात. मागून कुणीतरी म्हणालं, एवढं गप्प यंत्र म्हणजे आतून मेलेलं असणार, कंपनीला बोलवा.

मिस्त्रिणीने आयुष्यात खोटं बोलून काम मिळवलं नव्हतं. ती उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "तो पंप नव्हता. माझा नवरा होता."

सभा हसली. हसणं ओसरल्यावर मास्तर समजुतीने म्हणाले, "मिस्त्रीणबाई, यंत्राचं खापर घरच्या माणसावर फोडू नये. माणसाला इतकं कंटाळवाणं वाजवता येत नाही. तुम्ही आधीचा आवाज परत आणा, काम तुमचं. आणि बाकीच्या तीन पंपांनाही बोलतं करा. तिथले लोक आमच्यावर जळतात."

तिने सगळ्यांचे चेहरे बघितले आणि ती खाली बसली. खरं सांगून झालं होतं. ते घ्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न.

चारही इमारतींत पाणी एकाच वेळी चढायचं, त्यामुळे एका नवऱ्याने भागणार नव्हतं. चष्मेवाल्याने आठवडाभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासता तपासता छात्याही तपासल्या आणि तीन दमदार माणसं हेरली. मिस्त्रीण त्याला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली आणि ट्यूबा दाखवायला सांगितले.

"कुठल्या बँडसाठी, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"पंपांसाठी," ती म्हणाली. "आणि खालच्या सुरातले काढा. वरच्या सुरावर लोकांचा विश्वास बसत नाही."