चार ते सहा, ऊन तिरपं

गुंडोपंत करजगीकरांपुढे नटूनथटून फोटोला उभं राहावं आणि पंधरा दिवसांनी हातात आपल्याच चपलांचा फोटो पडावा, हा अनुभव आमच्या गल्लीत निदान सहा घरांनी घेतला आहे. कोपऱ्यावरच्या वकिलांची नवी सून पैठणी नेसून, नथ घालून तासभर उन्हात उभी होती. फोटोत आलं ते दोरीवर वाळणारं तिचं रोजचं लुगडं. लुगडं फार छान आलं होतं. काठसुद्धा मोजता येत होते.

"माणसांचे फोटो स्टुडिओवाला काढतो," गुंडोपंत म्हणायचे. "त्याच्या पोटावर मी कशाला पाय देऊ?"

त्यांचं घर आमच्या अगदी समोर. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. शाळा सकाळची, दुपारी खिडकीशी मशीन घेऊन बाहेरचं शिवण करते. त्यामुळे गुंडोपंतांचा ओटा मला दिवसाचे तीन-चार तास समोर असतो. बघायचा म्हणून नाही, दिसतो म्हणून.

गुंडोपंतांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढली. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही. रिटायर झाले तरी पार्सल ऑफिस काही अंगातून गेलं नाही. सत्यनारायणाचा प्रसाद आमच्याकडे पाठवला तर त्या पुडीलाही सुतळी आणि वर चिठ्ठी: कडून अमुक, कडे तमुक. त्यांनी मारलेली गाठ सुटत नाही. कात्रीनं कापावी लागते.

दुसरं वेड बुद्धिबळाचं. आणि त्यातला एक नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता: "हात लावला की चाल झाली." सोंगटीला बोट लागलं की तीच हलवायची, मग वजीर जावो की राजा. मंडईतही तेच. किडकं वांगं हातात आलं तरी खाली ठेवायचे नाहीत. "हात लावला, मास्तरीणबाई. आता चाल झाली." किडकी वांगी घरी आणून त्यांनी खाल्लेली मी पाहिली आहेत.

खेळायला एकच माणूस येई. सिद्रामप्पा, पार्सल ऑफिसातल्या हमालांचा जुना मुकादम. मूळचा वळसंगकडचा, अंगानं धिप्पाड, आवाज असा की आमच्या चुलीवरचं दूध दचकावं. मिलचा चारचा भोंगा झाला की तो ओट्यावर हजर आणि सहाला घरी. दोघं बोलत काहीच नसत. "शह." "बरं." "ह्यो घ्या तुमचा उंट." "घ्या." दोन तासांत एवढंच. मला वाटे, घरी नवराबायकोत याहून जास्त कुठे बोलणं होतं!

गेल्या दिवाळीच्या आधी एके दिवशी सिद्रामप्पानं घोडा उचलला आणि नको त्या घरात ठेवला. पंतांच्या वजिराच्या तोंडातच. मला बुद्धिबळ येत नाही, पण आवाज ऐकू येतात.

"पंत, येवढं घोडं माघारी घेतो."

"हात लावला की चाल झाली."

"तीस वर्सांत पयल्यांदा मागतोय की."

"नियम तीस वर्षांपूर्वीही हाच होता."

सिद्रामप्पानं उभा केलेला गुडघा खाली घेतला. मग उठला, पायरीवर पायानं चाचपून चपला चढवल्या आणि गेला. त्याच्या चपलांच्या टाचांना खिळे ठोकलेले. तो गल्लीत शिरला की खट् खट् ऐकू यायचं. त्या दिवशी एकाच पायाचं ऐकू आलं. खट्, मग काही नाही, मग खट्. मी डोकावून पाहिलं. रागाच्या भरात माणूस एक चप्पल स्वतःची आणि एक पंतांची घालून गेला होता.

ओट्याच्या पायरीवर उरलेली जोडी राहिली: एक काळी पातळ, एक तांबडी जाड. गुंडोपंतांनी ती आत नेली नाही आणि पाठवूनही दिली नाही.

"ज्याची आहे तो येईल आणि नेईल," ते म्हणाले आणि ऑफिसातले जुने बूट काढून वापरू लागले. पटावरचा तो डावही त्यांनी मोडला नाही. चिमण्यांनी सोंगट्या पाडू नयेत म्हणून त्यावर वेताचं डालगं पालथं घातलं. रोज सकाळी डालगं उचलून धूळ झटकायची, पुन्हा झाकायचं. भोंगा झाला की गल्लीच्या तोंडाकडे एकदा बघायचं. सिद्रामप्पा आला नाही.

महिनाभरानं ते रेल्वेच्या बेवारशी पार्सलांच्या लिलावाला गेले. काही घ्यायला नाही, जुन्या जागी उभं राहायला. तिथे एका पेटीला त्यांचा हात लागला. पुढचं सांगायला नकोच.

पेटीत निघाला डबा कॅमेरा. काळा, बिस्किटाच्या डब्याएवढा, समोर एक भोक, वर बोटाएवढी काच, बाजूला एक दांडी आणि एक किल्ली. दांडी ओढली की फोटो, किल्ली फिरवली की फिल्म पुढे. एका फिल्मवर फोटो आठ. आठ फुटांच्या आतलं काहीही धूसर येतं, म्हणून अंतर मोजायला माझी शिवणाची टेप नेली. टेप पाच फुटी; ती एकदा अख्खी आणि मग वर छत्तीस इंच. तेव्हापासून गुंडोपंत लोकांशी बोलायलासुद्धा आठ फुटांवर उभे राहू लागले.

पहिला फोटो कशाचा काढला असेल? पायरीवरच्या त्या विजोड चपलांचा. तो चांगला आला आणि तिथून चपलांचं वेड सुरू झालं.

"मास्तरीणबाई, विषय शोधायला काश्मीरला जावं लागत नाही," ते मला आठ फुटांवरून सांगत. "रोजचीच वस्तू घ्यायची. फक्त रोज जिथून बघतो तिथून बघायची नाही." पार्सलाच्या पुठ्ठ्याला त्यांनी चौकोनी खिडकी पाडली होती. ती एका डोळ्याला लावून ते गल्लीत हिंडत. फोटो आठच, म्हणून एकेका वस्तूकडे आठवडा आठवडा बघत. ओट्यावर उताणे पडून कडुनिंब बघितला. बाजेखाली शिरून सुंभाची वीण बघितली. हौदाच्या काठावर ओणवे झालेले पाहून पाणी भरणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला. एकीनं तर कमरेला धरून मागे ओढलं. "जीव द्यायला हाच हौद सापडला व्हय? आमी पानी कुटनं प्यायचं?"

"बाई, मी तरंग बघतोय."

"घरी घागरीत बघा की!"

हे सगळं चार ते सहाच. सकाळी नाही, दुपारी नाही.

"चार ते सहा ऊन तिरपं असतं," ते म्हणत. "सावल्या लांब पडतात. डब्याला तीच वेळ मानवते."

मी मान डोलावली. ऊन तिरपं असतं हे खरंच होतं.

फोटो धुऊन आले की ते मला दाखवत. गाडी गेल्यावरचं स्टेशनचं बाकडं. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची. झोपाळ्याच्या कड्या. चहा पिऊन ठेवलेली बशी. मी म्हटलं, "गुंडोपंत, सगळीकडे बसायची जागा आहे. बसलेलं कुणीच कसं नाही?"

"माणसं हलतात," ते म्हणाले. "फोटो बिघडतो."

आमच्या जाऊबाईंनी मात्र हट्टच धरला. माझा काढा, आणि तोंडासकट काढा. गुंडोपंतांनी नाइलाजानं काढला. त्या गडबडीत किल्ली फिरवायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी तलावावर डुंबणारी म्हैस फिल्मच्या त्याच तुकड्यावर घेतली. फोटो आला त्यात जाऊबाई खुर्चीत ऐटीत बसल्या आहेत आणि अंबाड्याच्या दोन्ही बाजूंनी शिंगं निघाली आहेत. जाऊबाई महिनाभर गुंडोपंतांशी बोलल्या नाहीत. आमच्या मोठ्या दिरांनी मात्र गुपचूप एक प्रत मागून घेतली.

सगळी गल्ली हसत होती. गुंडोपंत हसले नाहीत. तो फोटो ते पुठ्ठ्याच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे किल्ली फिरवली नाही," ते म्हणाले, "तर एकेकटे आलेले दोघे एका ठिकाणी दिसतात."

"एक बाई आणि एक म्हैस दिसते," मी म्हटलं. माझं काज-बटणाचं काम अडलं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. स्टुलावर कॅमेरा, टेपनं मोजून आठ फुटांवर पट. पटावरचं डालगं काढलेलं.

"तुम्ही दांडी ओढायची. एकदा आत्ता, एकदा मी सांगेन तेव्हा. मधे किल्लीला हात लावायचा नाही."

कोट-टोपी घालून ते आपल्या जागी बसले. मग थांबा म्हणाले, वाकले आणि सिद्रामप्पाचा घोडा उचलून दुसरीकडे ठेवला. चार महिने धूळ झटकत जपलेला डाव त्यांनी आपल्या हातानं बदलला. मी दांडी ओढली.

मग ते उठून पलीकडे सिद्रामप्पाच्या जागी गेले. कोट काढला, एक गुडघा उभा केला, त्यावर कोपर टेकलं आणि हनुवटी मुठीत धरली. क्षणभर माझा हात दांडीवरच राहिला. सिद्रामप्पा अगदी तसाच बसायचा. माणसाकडे तीस वर्षं बघितल्याशिवाय त्याचं बसणं असं उचलता येत नाही.

"ओढा," ते न हलता म्हणाले. मी ओढली.

स्टुडिओवाल्याकडून तो फोटो पाटीएवढा मोठा करून आणला. पट ठळक आला होता, सोंगट्या ठळक. दोन्ही गुंडोपंत मात्र फिकट. एकाच्या छातीतून भिंतीवरची खुंटी दिसत होती. फोटो त्यांनी कागदात गुंडाळला, सुतळी बांधली आणि लेबल चिकटवलं: कडे, सिद्रामप्पा मुकादम. खाली लाल शाईनं, 'ग्लास. हँडल विथ केअर.'

"यात काच कुठे आहे?"

"नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही शाळेला त्याच बाजूनं जाता ना?"

जात तर रोज होते. सिद्रामप्पा दारात बसलेला असायचा. चार महिन्यांत त्यानं एकदाही ओळख दिली नव्हती, म्हणून मीही मान वळवून पुढे जायचे. पंतांची शेजारीण म्हणून त्याला माझाही राग असेल, असं धरून चालले होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर समोर जाऊन उभी राहिले, तर म्हणाला, "कोन हाय?"

भर दुपारी, दोन हातांवरून विचारलं.

"मी मास्तरीणबाई. पंतांसमोरची."

"या की बाई! बसा. मोतीबिंदू झालाय, दिसत न्हाय काई. दिवाळीच्या आधीपास्नं काळं घर अन् पांढरं घर येकच झालं बगा."

मी खालीच बसले. "मग पंतांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? दिसत न्हाय म्हनलं की खेळ बंद झाला असता."

त्याच्या पायाशी चपला होत्या. एक तांबडी, एक काळी.

"तुमची एक चप्पल पंतांची आहे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय की. डोळ्याला कळत न्हाय, पायाला कळतंय. सून म्हनती बदला. न्हाय बदलत."

मी पार्सल त्याच्या हातात दिलं. त्यानं सुतळी चाचपली. "पंताची गाठ. ही सुटायची न्हाय, कापा." मी पिशवीतली कात्री काढून कापली आणि फोटोत काय काय आहे ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"घोडं कुटं हाय?"

मी घरं मोजली. "तुमच्या बाजूनं तिसरी ओळ. कडेपासून तिसरं."

"वजिराच्या म्होरं न्हाय?"

"नाही. पंतांनीच उचलून मागे ठेवलं."

त्यानं फोटो मांडीवर सरळ ठेवला. मग म्हणाला, "अन् माज्या जागेवर कोन बसलंय?"

"पंतच. एक गुडघा उभा करून."

तो मोठ्यांदा हसला. आतून सून डोकावून गेली. "दोनी बाजूंनी त्योच! म्हंजे हरनार त्योच की!" हसू ओसरल्यावर त्यानं उजवं बोट पुढे केलं. "बाई, घोड्यावर ठिवा जरा."

मी त्याचं बोट धरून घोड्यावर टेकवलं. जाड, खरखरीत बोट; घोडा त्याखाली पार झाकून गेला.

"त्येला सांगा," सिद्रामप्पा म्हणाला, "हात लावलाय म्हनावं."

परत येऊन मी गुंडोपंतांना सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. आठ फुटांवरून नाही, जवळ जाऊन सांगितलं. ते ओट्याच्या कडेला बसून राहिले. "तीस वर्षांत पहिल्यांदा मागत होता," एवढंच म्हणाले. मग चारचा भोंगा झाला. बूट बाजूला सारून त्यांनी पायरीवरची ती विजोड जोडी घातली, मांडलेला पट दोन्ही हातांवर काचेच्या पार्सलासारखा अलगद उचलला आणि सोंगट्या न हलवता, एकेक पाऊल टाकत गल्लीतून निघाले. खट्, मग काही नाही, मग खट्.

आता ते रोज तिकडेच जातात. चाली तोंडानं सांगून खेळतात म्हणे, आणि म्हणून पूर्वीपेक्षा बरंच बोलतात. कॅमेरा माझ्याकडे ठेवायला दिला आहे. टेपही परत मिळाली.

त्या पहिल्या दिवशी मी सहापर्यंत खिडकीशी शिवत बसले होते. समोरचा ओटा मोकळा होता. ऊन तिरपं होतं. एका पोलक्याची बाही उलटी बसली. उसवली आणि पुन्हा लावली.