चोरीला न गेलेली गाडी

सकाळी सात वाजता ड्रायव्हिंग स्कूलचे सर घराबाहेर आले, तर गाडी जागेवर नव्हती. गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन त्यांनी पाहिलं. गाडी साधीसुधी नव्हे; छपरावर पिवळी पाटी, पाटीवर स्कूलचं नाव आणि खाली ठळक आकड्यांत सरांचा फोन नंबर. असली गाडी चोरणारा वेडा तरी असणार, नाहीतर त्याला गाडी शिकायची तरी असणार.

औषधांच्या दुकानातल्या बाई शिकवणीसाठी फाटकाशी येऊन उभ्या होत्या. त्यांना उद्या यायला सांगून सर पोलिसांना फोन लावायला आत आले, तर फोनही सापडेना. चोर घरातही येऊन गेला, अशी सरांची खात्री पटली.

बायकोची खात्री वेगळी होती. गेल्या चार महिन्यांत सरांचा चष्मा दोनदा फ्रीजमध्ये सापडला होता. मुलीच्या सासूबाईंना आणायला ते स्टेशनवर गेले आणि कशाला आलो तेच विसरून, फलाटावर फेरी मारून हात हलवत परत आले. सासूबाई दोन तासांनी आपल्या आपण आल्या, त्या अजून बोलत नव्हत्या. त्यात बायकोचा भाऊ रोज तिच्या कानाशी लागायचा, की दाजींचं डोकं आता चालत नाही, स्कूल माझ्या नावावर करा. सरांचं वय चोपन्न.

सर एकटेच ठाण्यात गेले. हवालदाराने तक्रार लिहायला घेतली. रंग पांढरा, छपरावर पिवळी पाटी, पाटीवर नंबर. नंबर लिहिता लिहिता त्याचं पेन थांबलं.

"हा नंबर तुमचा?"

"माझाच."

"काल संध्याकाळपासून अकरा वेळा लावलाय. वाजतो, पण उचलत नाही कुणी."

"साहेब, फोनपण गेलाय."

हवालदाराने उठून खिडकी उघडली. ठाण्याच्या फाटकात, जीपची वाट अडवून, सरांची गाडी उभी होती. फोन पुढच्या सीटवर होता. आदल्या दिवशी एका कागदावर शिक्का घ्यायला सर इथे आले होते आणि काम झाल्यावर रमतगमत चालत घरी गेले होते. आत्ता येतानासुद्धा, ही कुणी इथे लावलीय, असं पुटपुटत ते तिला वळसा घालून आत शिरले होते.

हे घरी सांगायचं नाही असं सरांनी वाटेत पक्कं ठरवलं. मग ते ठरवलेलंही विसरले आणि दारातच सगळं सांगून बसले.

दुपारी मेव्हणा कागद घेऊन हजर. सरांनी पेन हातात घेतलंसुद्धा. त्यांचे वडील शेवटी शेवटी मुलांची नावं विसरले होते. तीच भीती गेले चार महिने सरांच्या पोटात होती. पण बायकोने पेन काढून घेतलं. आधी डॉक्टर, मग सही, असं तिने भावाला बजावलं.

डॉक्टरीणबाई सरांच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. शेवटी सहज विचारलं, "मला ओळखलंत का, सर?"

"नऊ वर्षं झाली. चौथा दिवस. रिव्हर्स घेताना टपालपेटीला धडकलात आणि पेटीच मध्ये आली म्हणालात."

डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न पुढे वाढवला नाही. रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, जीवनसत्त्वं ठीक, चालू गोळ्या कुठल्याच नाहीत. मग त्यांनी बायकोला विचारलं, सर झोपतात कसे.

बायको तीस वर्षं या प्रश्नाची वाट पाहत होती. घोरणं कसं सुरू होतं, मध्येच श्वास कसा बंद पडतो, आपण कोपराने कसं ढोसतो, हे तिने आवाजासकट सांगितलं. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून आत डोकावून गेले. झोपेची तपासणी झाली, तेव्हा कळलं की सरांचा श्वास तासाला चाळीस वेळा अडकत होता.

"तुम्ही विसरत नाही, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धड झोप नाही, म्हणून गोष्टी डोक्यात शिरतच नाहीत. शिरलंच नाही ते आठवणार कुठून?"

रात्री नाकावर मुखवटा आणि उशाशी श्वास अडकू न देणारं मशीन आलं. महिन्याभरात सर लख्ख झाले. मेव्हण्याचे कागद त्यांनी सही न करताच परत केले आणि सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी मागून घेतली.

इथपर्यंत सगळे खूश होते. पण पूर्वी सरांना कालची चूक आज आठवत नसे, म्हणून ते शिकणाऱ्यांना रोज नव्याने शाबासकी देत. आता ते शांतपणे म्हणत, "सोमवारी दोनदा, बुधवारी एकदा आणि हे आत्ता. क्लच, बाई." घरी नवे पडदे आणि मोठा फ्रीज "तुम्हीच तर हो म्हणाला होतात" एवढ्यावर आले होते. आता सर विचारू लागले, कोणत्या दिवशी म्हणालो.

एका सकाळी औषधवाल्या बाई शिकवणी संपवून, घाम पुसत स्वयंपाकघरात आल्या. सर अंघोळीला गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली.

"वहिनी, एक विचारू? ते मशीन रोज लावायलाच हवं का? आठवड्यातून एखाद दिवस सुट्टी दिली तर?"

वहिनींनी भाजी चिरायची थांबवली.

"मी परवाच विचारून आले," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर लावायचंय."