परीक्षक बाई कधीही येतील

समता ही शिकवल्याशिवाय येत नाही आणि शिकवली म्हणून येतेच असंही नाही. म्हणूनच शहाण्या सरकारांनी तिचं प्रमाणपत्र देण्याची सोय केली आहे. पेरूच्या डोंगरातल्या वाय्यापाम्पा रुग्णालयात ही प्रमाणपत्रं इतकी झाली होती की भिंतीची ओल शोधूनही सापडत नसे. त्यातली अकरा एकट्या योवाना काहुआनाची होती. योवाना ही प्रसूती विभागातली पदवीधर सुईण. 'बाळंतिणीशी आदराने कसे बोलावे' (दोन दिवस, जेवणासह) हे प्रशिक्षण तिने केलं होतं, आणि 'बाळंतिणीशी आदराने कसे बोलावे, भाग दुसरा' (भाग पहिला विसरलेल्यांसाठी) हेही केलं होतं.

तरीही रुग्णालयाचा रोजचा शिरस्ता बिघडला नव्हता, हे कर्मचाऱ्यांच्या निष्ठेचं लक्षण मानावं लागेल. वरच्या वस्त्यांतून बाई आली की फाटकावर तिचं ओळखपत्र मागायचे. ते नसलं की बाकावर बसवायचे. नाव विचारण्यात वेळ जाऊ नये म्हणून सगळ्यांनाच 'ए मामिता' (म्हणजे 'ए माई') म्हणायचे. मग अंगावरचे लोकरी घागरे उतरवून गार लोखंडी टेबलावर आडवी, सासू फाटकाबाहेर, आणि वार बादलीत. यात भेदभाव कुठेच नव्हता. डोंगरातून येणाऱ्या प्रत्येक बाईला अगदी हेच मिळत असे.

शिवाय रुग्णालयात 'मानाची खोली' होती. डोंगरातल्या बाया उबेत, उकिडव्या बसून, दोरी धरून बाळंत होतात आणि वार घरी नेऊन पुरतात, हा शोध राजधानीतल्या तज्ज्ञांनी बारा बैठका घेऊन लावला होता (बायांना हे आधीपासून माहीत होतं, पण त्यांना बैठकीचं बोलावणं नव्हतं). त्यानुसार तुळईला जाड दोरी, खाली मेंढीचं कातडं, कोपऱ्यात शेगडी आणि गुलाबी भिंती अशी खोली तयार झाली. तीन वर्षांत तिला एकोणीस पाहुण्यांनी भेट दिली, दोनशेच्या वर फोटो निघाले आणि प्रसूती शून्य झाल्या. त्यामुळे खोली आजही नव्यासारखी होती. किल्ली संचालक डॉ. अर्बुलू (मूळचे दातांचे डॉक्टर) यांच्या कमरेला असे.

बाराव्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी लिमाहून आलेल्या प्रशिक्षक फिओरेला बुस्तियोस यांनी चष्मा काढून सांगितलं, "पुढच्या काही दिवसांत एक गुप्त परीक्षक तुमच्याकडे येतील. डोंगरातल्या गरोदर बाईच्या वेशात. तुम्ही तिला जसं वागवाल, तसे रुग्णालयाला गुण."

"पोटाला उशी बांधून?" डॉ. अर्बुलूंनी विचारलं.

"उशी कशाला डॉक्टर? आमच्याकडे खरोखर गरोदर असलेल्या परीक्षकही आहेत."

फिओरेलाबाई गेल्या आणि त्याच दुपारी परीक्षक-ओळख समिती स्थापन झाली. पहिल्या बैठकीत ठरलं, की जिचे दात चांगले, टाचा मऊ आणि जी 'आभारी आहे' म्हणेल, ती लिमाची. दुसऱ्या बैठकीत डॉक्टरांना शंका आली, की लिमाचे लोक एवढे बावळट नसणार. ते याच्या बरोब्बर उलट करून पाठवतील. तेव्हा जिच्या टाचा सगळ्यात जास्त भेगाळलेल्या, जिला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही आणि जिच्याकडे ओळखपत्र नाही, तिच्यावर सर्वाधिक संशय घ्यावा, असा ठराव एकमताने झाला. म्हणजे ज्या बायकांना आजवर फाटकावरूनच परत धाडलं, नेमक्या त्याच आता रुग्णालयाच्या सगळ्यात मानाच्या पाहुण्या ठरल्या.

मंगळवारी सकाळी बटाट्याच्या ट्रकमधून एर्मेलिंदा सुल्का उतरली, सासूचा खांदा धरून. आदल्या सकाळीच तिचं पाणी गेलं होतं, कळा येत होत्या आणि मूल काही येत नव्हतं. या रुग्णालयाचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं तिने पहिल्या बाळंतपणानंतर शपथेवर सांगितलं होतं. पण पोटातलं पोर हातचं जाईल या भीतीने सासू पाउलिनाने तिला ट्रकात चढवलंच.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने टाचा पाहिल्या आणि तो खाडकन उठून उभा राहिला.

"बसा बाई, खुर्ची घ्या! सासूबाई, तुम्हीही आत चला. ओळखपत्र? अहो, माणसापेक्षा कागद मोठा का?"

आतून डॉ. अर्बुलू स्वतः धावत आले. "काय टाचा आहेत!" ते योवानाच्या कानात कुजबुजले. "महिनाभर तरी मेहनत घेतली असेल. मानाची खोली उघड!"

किल्ली लागेना, कारण कुलपाला तिची सवय नव्हती. कातड्यावरचं प्लास्टिक ओरबाडून काढावं लागलं. शेगडी पेटली, मुन्याच्या, म्हणजे डोंगरी पुदिन्याच्या, पाल्याचा कढत काढा आला, घागरे अंगावरच राहिले. डॉक्टर दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून 'सेन्योरा एर्मेलिंदा सुल्का' असं संपूर्ण नाव घेऊन विचारपूस करत होते (पाचव्या प्रशिक्षणातला नियम चार).

पाउलिना मात्र पांढरीफटक पडली. तिने योवानाची बाही ओढली आणि डोंगरातल्या क्वेचुआ बोलीत विचारलं, "बाई, खरं सांग. पोर पोटातच गेलं ना?"

"असं का म्हणता, आई?"

"मग ही माणसं एवढी गोड का बोलतायत?"

योवानाला याचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. ती स्वतः वरच्याच वस्तीतली; क्वेचुआ तिची मायबोली. पण गेली आठ वर्षं रुग्णालयात तिला ती 'येत नव्हती'. आज इतक्या वर्षांनी ती तोंडातून आपसूक आली, आणि तिचं तिलाच कसंनुसं झालं.

तिने तपासलं. गर्भाशयाचं तोंड सात सेंटीमीटर उघडलेलं, बाळाचं डोकं खाली, ठोके ठीक. पाणी जाऊन दिवस उलटला म्हणून तिने जंतुसंसर्गावरची सुई टोचली, ताप मोजून नोंदवला आणि एर्मेलिंदाच्या हातात दोरी दिली. एर्मेलिंदाने एक कळ सोसली, मान वळवून योवानाकडे नीट पाहिलं.

"मागच्या वेळी तुम्हीच होतात ना, ताई?"

"असेन. खूप जणी येतात गं."

"तुम्हीच होतात. म्हणालात, करताना नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस? मग मी ओरडलेच नाही. ओठ चावला, बघा." तिने खालच्या ओठावरची पांढरी रेघ दाखवली. रागाने नव्हे, विचारलं म्हणून दाखवावी तशी दाखवली.

योवानाला ती आठवत नव्हती. तेच तिला जास्त लागलं. हे वाक्य तिने किती जणींना ऐकवलं असेल, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नव्हता, आणि मनातल्या मनात करायला गेली तर तिला जमेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या उबदार खोलीत कळलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फिओरेलाबाईंचा निरोप होता: 'आमच्या परीक्षक बाईंना सातवा महिना लागल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी डोंगराचा प्रवास बंद केला आहे. बाळंतपणात जोखीम नको. सबब परीक्षा कायमची रद्द. कृपया सर्वांना कळवावे.'

दारात डॉ. अर्बुलू उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता जरा काळजी दिसत होती. "योवाना, ही तीच आहे ना? नाहीतर परीक्षक यायच्या आधीच कातड्याला डाग पडतील. साधी बाई असेल तर पलीकडे टेबलावर घे, अजून वेळ आहे. फोन कुणाचा होता? लिमाचा?"

"हो, डॉक्टर."

"काय म्हणतात?"

एर्मेलिंदाने दोरी घट्ट धरली होती. सासू मागून तिची कंबर दाबत होती. योवानाने फोन खिशात टाकला.

"म्हणतात, परीक्षक बाई कधीही येतील. खरोखरच्या कळा घेऊन येतील. आणि कुठली तीच, ते शेवटपर्यंत कळायचं नाही."

डॉक्टरांनी आदराने मान लववली आणि दार हळूच लावून घेतलं. पुढे पाऊण तासाने एर्मेलिंदा अगदी मनापासून, पोटातून, तीन भिंतींपलीकडे ऐकू जाईल एवढ्याने ओरडली. मुलगी झाली. बाहेर बसलेल्या समितीने आवाजाची 'अत्यंत अस्सल' अशी नोंद केली. वार स्वच्छ फडक्यात बांधून पाउलिनाच्या हाती दिली, तेव्हा म्हातारी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. मानाच्या खोलीत एकशे सहा बाळंतपणं झाली, कातडं तीनदा बदललं, आणि फाटकावरचा पहारेकरी भेगाळलेली टाच दिसली की अजून उठून उभा राहतो. डॉ. अर्बुलूंचा प्रत्येक बाईवर संशय आहे. निकाल अजून का लागत नाही याचं त्यांना नवल वाटतं, पण परीक्षा म्हटली की थोडा उशीर व्हायचाच, असं ते स्वतःची समजूत घालतात.

परीक्षक येणार नाहीत, हे लिमा सोडलं तर फक्त दोघांना ठाऊक आहे: योवानाला आणि आता तुम्हाला. योवाना बोलणार नाही. तुम्हाला मात्र हा सगळा प्रकार फसवणुकीचा वाटत असेल, आणि माणसाने माणसाशी भीतीपोटी नव्हे तर मनापासून चांगलं वागावं असं तुमचं ठाम मत असेल, तर डॉक्टरांना अवश्य कळवा. फक्त पत्राच्या तळाशी एवढं लिहा, की समोरची बाई कुणीच नाही हे पक्कं माहीत असताना, तुम्ही तिला उठून खुर्ची शेवटची कधी दिली होती.