तुळशीराम काकांची उदई

तुळशीराम काका कोणाच्याही घरी गेले की पहिला नमस्कार चौकटीला करतात. नमस्कार कसला, बोटाच्या पेरांनी टकटक. मग कान लावतात, डोळे मिटतात आणि घरमालकाला सांगतात, "पोकळ हाय. उदई लागली तुमाले." उदई, म्हणजे वाळवी, लागलेली असते दाराला, पण काका सांगतात असं की माणूस स्वतःचाच दंड चाचपून पाहतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांची अन् आमची मधली भिंत एकच आहे. काकांची सगळी नोकरी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. "कागद कमी अन् उदईच जास्त सांभाळली यायनं," असं सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगतात. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. लग्नाला गेले तर मांडवाचे खांब ठोकतात. माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले होते, पोह्यांच्या प्लेटा हातात, आणि हे सोफ्याखाली वाकून मला म्हणतात, "मंदा, ढेकूण तं नाहीत ना वो यात?" मुलाच्या आईनं जो पदर आवरून धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. लग्न जमलं म्हणून, नाहीतर मी काकांची काही खैर ठेवली नसती.

आणि स्वतःचं घर? राम राम! स्वयंपाकघराची चौकट खालून नुसता भुसा झाली आहे. मोरीतून उंदीर येतो तो भाडेकरू असल्यासारखा. एकदा आम्ही बोलत बसलेलो असताना तो समोरून निवांत गेला. मी पाय वर घेतले. काका म्हणाले, "बस वो, तो घरचाच हाय."

"दुसऱ्याकडे मुंगी दिसली तं गाव गोळा करता, अन् इथं काहून नाही औषध मारत?"

"जुन्या घराले चालते," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन अमरावतीला असतो. त्यानं तिथं नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं. आईबापासाठी खालची खोली, बाथरूम जोडून, खिडकीत जाळी. वास्तूला मीही गेले होते. होम अजून धुमसत होता अन् काका निघाले ठोकत. चौकट ठोकली, कपाटं ठोकली, देवघरसुद्धा सोडलं नाही. मग भर पाहुण्यांत म्हणाले, "इथं आधी वावर होतं ना? काळ्या मातीले भेगा पडतात, त्या भेगेतून उदई सरळ वर येते. आमी नाही राहत बाप्पा इथं."

नितीनचं तोंड एवढंसं झालं. सुनेच्या हातात पुरणाचं ताट होतं, ते तिनं तसंच आत नेलं. काकू मात्र दिवसभर एकाच खुर्चीवर बसून हसत होत्या. मला वाटलं, नवऱ्याची लाज वाटून राहिली बिचारीला. परतीच्या गाडीत मी काकांशी एक शब्द बोलले नाही.

पुढे एका दुपारी मी गोळ्याची कढी द्यायला त्यांच्याकडे गेले. कोपऱ्यातली तिवई ओढून बसले, आणि उठताना ती तिथंच राहू दिली. काकू चहा घेऊन आल्या, नेहमीसारख्या भरभर, आणि सरळ तिवईवर आदळल्या. कप फुटला, चहा सांडला. तिवई अगदी समोर होती हो! आंधळ्यालाही...

माझ्या मनात तो शब्द आला आणि मी काकूंच्या डोळ्यांकडे पाहिलं.

काकांनी आधी काकूंना उठवलं, मग तिवई जागच्या जागी नेऊन ठेवली. "काचबिंदू हाय तिले," ते म्हणाले. "एक डोळा गेलाच. दुसऱ्यानं उजेड तेवढा समजते. डॉक्टर म्हणते, गेलेलं परत येत नाही."

"या घरात मले डोळ्याचं काम पडत नाही, पोरी," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, हाताले सारं पाठ हाय. तिकडं गेली की मले एका जागी बसवून ठेवतील. लेकरू मायेनंच ठेवन, पण बसवूनच ठेवन."

"अन् नितीनले माहीत नाही?"

"त्याले समजलं तं उद्याच गाडी घेऊन येते," काका म्हणाले. "म्हणून उदई. घराले नावं ठेवली तं घराले काही वाटत नाही." मग चौकटीकडे बघून म्हणाले, "हे दुरुस्त कराचं म्हटलं तं सामान हलवा लागते. सामान हललं की तुही काकू हरवते." मी साडीच्या पदरानं चहा पुसला.

दिवाळीच्या तोंडावर नितीन खरंच गाडी घेऊन आला. मोठ्या हौसेनं सांगू लागला, "बाबा, भिंतीच्या कडेनं फरशीला भोकं पाडून औषध भरलं. नाल्यांना जाळ्या बसवल्या. आता एक मुंगी दाखवा. चला, आईची बॅग भरा."

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मंग गोम असन. नव्या बाथरूमात गोम निघते."

नितीन माझ्याकडे वळला. "मंदाताई, तुम्ही आल्या होत्या ना? तुम्हीच सांगा. आहे का माझ्या घरात काही?"

काकू दारात उभ्या होत्या, एक हात भिंतीवर. त्यांचं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळलं.

"हाय रे बाबू," मी म्हणाले. "गोम म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यली. हे एवढी मोठी."

नितीन आईच्या पाया पडला, बापाच्या पडला. चप्पल घालताना एवढंच म्हणाला, "तुमच्याचसाठी बांधलं होतं हो बाबा." आणि गेला.

गाडी वळेपर्यंत काका उभे होते. मग पायरीवर बसले.

"मंदा, लय झकास बांधलं पोट्ट्यानं," ते म्हणाले. "म्या सारं घर ठोकून पाह्यलं. कुठंच पोकळ नाही."

मी रागानंच म्हणाले, "मंग फोन करून सांगा ना त्याले तेवढं!"

"सांगतलं," काका म्हणाले, "तं न्याले येईन ना तो."