घुसमट नेमकी कोणाची?

मानवत गावात, मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ कापडाचं दुकान चालवणारे शिवकांतअप्पा गावच्या साप्ताहिकात दर रविवारी राजकीय सदर लिहीत. त्यासाठी त्यांना एक कप चहा पुरे. ‘पडद्याआड हालचालींना वेग’, ‘येणारा काळच काय ते ठरवील’ अशी वाक्यं आलटूनपालटून मांडली की झालं. या खेपेला दोन ओळींची जागा उरली, म्हणून त्यांनी ठोकून दिलं : ‘तालुक्यातल्या एका बड्या नेत्याची पक्षात घुसमट होत असून तो लवकरच धक्का देणार आहे.’

रविवारी सकाळीच माजी नगराध्यक्ष तात्यारावांची गाडी अप्पांच्या घराच्या दारात थांबली. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाचा गाळा नगरपालिकेचा, आणि नगरपालिका अजून तात्यारावांच्याच शब्दावर हलायची.

“अप्पा, माझी घुसमट तुमाला कुणी सांगितली?”

“तुमची? न्हाई हो, मी आपलं…”

“बायकोबिगर कुणाला बोललो न्हाई मी. तिनं त्रिवेणीताईला सांगितलं का?”

चहा घेऊन आलेल्या अप्पांच्या पत्नी त्रिवेणीबाई दारातच थबकल्या. “मला तर घरातल्याची घुसमट म्हाईत न्हाई, तुमची कुठून कळावी?”

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. तात्यारावांच्याच पक्षातले, पण त्यांच्याशी उभा दावा मांडलेले चंद्रभान आले होते. “मी हाय म्हणून सांगू नका,” असं पुटपुटत तात्याराव कपबशीसकट आतल्या खोलीत शिरले.

“अप्पा, घात केला तुमी!” चंद्रभान कपाळाचा घाम पुसत म्हणाले. “त्या पक्षाशी माझं बोलणं चालू असताना पेपरात कशाला घातलं?”

“कोणत्या पक्षाशी?” तात्याराव बाहेर आले.

चंद्रभानांच्या तोंडून नाव निसटलं. दोघं जायला निघालेला नवा पक्ष एकच, तिथं मागितलेलं तिकीटही एकच, हे कळायला वेळ लागला नाही. मग दोघेही अप्पांकडं वळले.

“कुणी सांगितलं त्याचं नाव घ्या,” तात्याराव म्हणाले, “न्हाईतर गाळ्याचा करार बघावा लागंल.”

“शप्पथ, कुणीच न्हाई! जागा भरायची राहिली होती, म्हणून लिवलं!”

“लय पोचलेला माणूस हाय,” चंद्रभान हळूच म्हणाले. तात्यारावांनी मान डोलावली. कित्येक वर्षांत दोघांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

दोघं गेल्यावर त्रिवेणीबाई म्हणाल्या, “अहो, लोक वाचायलेत की तुमचं!”

“त्याचंच तर भ्या वाटायलंय.”

बिननावाचं लिहिलं की प्रत्येकाला टोपी बसते, एवढं अप्पांना कळलं. पुढच्या खेपेला त्यांनी नावानिशी लिहिलं. गल्लीत दहा-बारा दिवस नळाला पाणी येत नाही, नवी टाकी कोरडी का, तिचं काम तात्यारावांनी कुणाला दिलं, नारळ फोडायला चंद्रभान कसे पुढं होते, सगळं. मजकूर पाठवूनही दिला. रविवारी दिवसभर गाडीचा आवाज आला की ते खिडकीशी जात. गाळा गेला तर कापडाचे तागे ठेवायचे कुठं, याचाही हिशेब त्यांनी मनात मांडला.

संध्याकाळी तात्यारावांची गाडी खरंच दारात थांबली. काच खाली झाली. अप्पा उंबऱ्यापर्यंत आले.

“काय अप्पा, या आठवड्याला काई लिवलं न्हाई?”

“लिवलंय की… पाण्याचं.”

“हां, ते बघितलं,” तात्याराव काळजीनं म्हणाले. “पण राजकारणाचं कायबी न्हाई त्यात. तब्येत बरी हाय ना?”