टाकी नॉर्मल

आमच्या प्रेसमध्ये दर वीस मिनिटांनी तिन्ही कॉम्प्युटर एकदम हिरवेगार व्हायचे आणि तिन्हींतून नानांचा आवाज यायचा, "आता डोळे मिटा." पाच-सहा सेकंदांनी तोच आवाज म्हणायचा, "उघडा. लांब पाहा." त्या वेळी खरे नाना आमच्याकडे पाठ करून प्रुफं तपासत असायचे. आमचं लांब पाहून झालं की ते खुर्चीसकट गर्रकन वळायचे, मांडीवर लांबट वही उघडायचे आणि विचारायचे, "हं, रीडिंग?"

रीडिंग म्हणजे आम्हांला लांब काय दिसलं ते. आम्ही सांगायचं, नानांनी वेळेसकट लिहून घ्यायचं.

नानांचं उभं आयुष्य दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलं होतं. भिंतभर मीटर, त्यांवर हलणारे काटे आणि तासातासाला त्यांचं रीडिंग वहीत चढवायचं, ही नोकरी. निवृत्त झाल्यावर ते जळगावात मेहरूणला घर घेऊन राहिले आणि आमच्याकडे मुद्रितशोधक म्हणून यायला लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माणूस फारच कडक. लग्नपत्रिकेतल्या 'आशीर्वाद'ची शी ऱ्हस्व दिसली तर यांना जेवण जात नसे. पण कंट्रोल रूम काही त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. चहा उशिरा आला की "लोड वाढला वाटतं", लाइट गेले की "ग्रीड पडला" आणि शेठ चिडले की "प्रेशर हाय".

एके दिवशी आमच्या वैशालीचे डोळे लाल होऊन पाणी गळायला लागलं. लगीनसराई होती. बिचारी सकाळपासून पत्रिका कंपोझ करत होती. नानांनी तिच्याकडे दोन मिनिटं रोखून पाहिलं आणि जोरात म्हणाले, "हे बरं नाही भो. याचं काहीतरी केलंच पाहिजे." आम्हांला वाटलं, गुलाबपाणी आणतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर आणलं. इंटरनेटवर फुकट मिळणारं. वीस मिनिटं झाली की पडदा झाकून टाकायचा आणि माणसाला वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायला लावायचं, एवढंच त्याचं काम. त्यात आपला आवाज भरायची सोय होती. नानांनी आपला भरला. रेल्वे स्टेशनवर गाडी रद्द झाल्याचं सांगतात ना, तसा.

पहिले दोन दिवस तिन्ही मशीन मागेपुढे बोलायची. वैशालीचं म्हणे "मिटा", रफिकभाईंचं म्हणे "उघडा" आणि मी मधल्या मध्ये बुचकळ्यात. नानांना ते सहन होईना. "तीन जनरेटर एका लाइनवर घ्यायचे तर आधी सिंक्रोनाइझ करावे लागतात," असं म्हणत त्यांनी हातात घड्याळ धरून तिन्ही मशीन एका ठोक्यावर आणली.

मग निघाला टेप. नानांनी प्रत्येकाच्या खुर्चीपासून अंतरं मोजली आणि ज्याला त्याला एकेक लांबची वस्तू नेमून दिली. तिचं नाव मीटर. वैशालीला मागच्या अंगणातला लिंब. डिझाइन करणाऱ्या रफिकभाईंना समोरच्या घराची गच्ची. मला पाण्याची टाकी.

रफिकभाईंच्या मीटरनं एकदा घोळ केला. गच्चीवर एक काकू रोज बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायच्या. चष्मा लावलेला चाळिशीचा एक पुरुष दर वीस मिनिटांनी खिडकीत येऊन आपल्याकडे एकटक बघतो, हे त्यांच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. त्या तरातरा जिना चढून वर आल्या. रफिकभाई झेरॉक्स मशीनमागे लपले. नानांनी शांतपणे वही उघडली आणि वाचून दाखवलं, "अकरा वीस, बिबड्या सत्तावीस. अकरा चाळीस, बिबड्या सव्वीस, एक कावळ्यानं नेली." काकू वहीकडे बघत राहिल्या. "मंग तुमी त्या कावळाले हाकलानं ना," असं म्हणून खाली गेल्या आणि दुपारी डबाभर बिबड्या पाठवून दिल्या.

वैशालीच्या लिंबावर बुलबुलाचं घरटं होतं, त्यामुळे तिचं रीडिंग लांबत जाई. अंडी तीन, मग दोन, मग पिल्लं. रफिकभाईंना बोलायची हौसच. राहिलो मी. मी मुळात आळशी माणूस आणि दर वीस मिनिटांनी कुणी हाताला धरून थांबवावं हे मला सहनच होत नाही. नानांनी "रीडिंग?" म्हटलं की मी म्हणायचो, "टाकी."

"टाकीला काय?"

"काय असणार? टाकी आहे."

नाना लिहायचे, "टाकी नॉर्मल." पाच महिने ती वही माझ्या रकान्यात टाकी नॉर्मल, टाकी नॉर्मल करत होती. खरं सांगायचं तर मी टाकीकडे बघतही नव्हतो. पडदा हिरवा झाला की मोबाइल बघायचो. शिवाय माझी खात्री होती की ती वही शेठकडे जाते. कोण किती वेळ खुर्चीवरून उठलं याचा हिशेब, दुसरं काय? नाहीतर भला माणूस रोज सहा वाजता एवढी जाड वही पिशवीत घालून कशाला नेईल?

मेच्या सुरुवातीला अमळनेरकडचे एक वजनदार गृहस्थ आले. सगळा तालुका त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक आमच्याकडे होता. आबा स्वतः मुखपृष्ठ बघायला आले, सोबत गाडीभर माणसं. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि त्यांचा फेट्यातला फोटो पडदाभर मोठा केला. आबा खूश होऊन पुढे वाकले. तेवढ्यात फोटो गेला, पडदा हिरवा झाला आणि तीन बाजूंनी एकाच ठोक्यावर धीरगंभीर आवाज आला, "आता डोळे मिटा."

आबांना कमी ऐकू येतं. त्यांना 'आता'च्या जागी 'आबा' ऐकू आलं.

"आबा, डोया मिटा?" आबा ताडकन उभे राहिले. "पंचाहत्तरी बी व्हयनी नही आजून, अन् हाई मशीन मन्हं नाव लिसनी सांगस डोया मिट?"

नाना धावत आले. "आबा, तसं नाही, डोळ्यांना विश्रांती..." विश्रांती या शब्दानं तर आणखीच पंचाईत झाली. मशीन तेवढ्यात म्हणालं, "उघडा. लांब पाहा." आबांच्या पुतण्यानं खरोखर लांब, म्हणजे जिन्याकडे पाहिलं आणि आबांना घेऊन निघाला. शेठ अनवाणी त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेले.

वर आल्यावर शेठनी आम्हांला विचारलं, "काय करायचं याचं?" वैशाली खाली बघत होती. रफिकभाई म्हणाले, "शेठ, आवाज बंद करू, बाकी राहू द्या." मी म्हणालो, "काढूनच टाका. काम होत नाही त्यानं." हे मी म्हणालो. नाना तिथेच उभे होते.

"बरं," नाना म्हणाले. "ट्रिप झालं म्हणायचं." वीज केंद्रात संच अचानक बंद पडला की त्याला ट्रिप म्हणतात. मग ते जागेवर जाऊन बसले आणि लाल पेन उघडलं. मी त्याच दिवशी तिन्ही मशीनमधून ते सॉफ्टवेअर काढलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचे पंधरा दिवस नाना वेळेवर येत, वेळेवर जात. प्रुफं चोख, पण लोड नाही, ग्रीड नाही, प्रेशर नाही. एकदाच वैशालीला म्हणाले, "लिंबावर काही..." आणि ग्राहक आला तसे थांबले. पुढे विचारलंच नाही. मग एक दिवस ते कामावर आलेच नाहीत. ताप आला होता म्हणे. इकडे आबांचा अंक छपाईला अडलेला, कारण शेठनी हातापाया पडून आबांना परत आणलं होतं आणि नानांनी पाहिल्याशिवाय एक पानही सोडायचं नाही अशी शेठची ताकीद होती. दुपारच्या उन्हात मी प्रुफं घेऊन मेहरूणला गेलो.

दार एका बाईंनी उघडलं. एक हात भिंतीला होता आणि चेहरा माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी.

"कोन शे?"

मी नाव सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही. म्हटलं, प्रेसमधून आलोय.

"प्रेसमातून?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "तुमनं मीटर कोनतं?"

मी दारात उभा. हातात प्रुफांचा गठ्ठा, डोक्यावर ऊन. "टाकी," मी म्हणालो.

"हां! टाकीवाला भाऊ! या, या, बठा. त्यास्ना आत्तेच डोया लागना."

मी बसलो. त्या नानांच्या पत्नी, अक्का. त्यांनी भिंतीच्या आधारानं जाऊन माठातलं पाणी आणलं, एक थेंब न सांडता. मग माझ्यासमोर बसून त्यांनी पंधरा दिवसांचं तुंबलेलं सगळं विचारायला सुरुवात केली. वैशालीना बुलबुलना पिल्ले उडनात का? बिबड्यावाली बाईनं गच्चीवर जाळी बांधी का? त्या कावळानं काय व्हयनं? पाच महिन्यांत आमच्या खिडक्यांतून जे जे दिसलं ते बाईंना पाठ होतं. "ह्या काईच सांगतस नही आते," आतल्या खोलीकडे मान करत त्या म्हणाल्या. "मशीन बंद शे म्हनतस. कसं काय बंद पडनं वो?"

मी नजर वळवली. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर ती लांबट वही ठेवलेली होती.

"यास्नं देखेल ते मले पाठ व्हई जायेल शे," अक्का हसून म्हणाल्या. "चाळीस वरीस एकच मानूस काय सांगी? तुमी बठ्ठा जन नवीन ना." मग जरा घुटमळल्या. "एक इचारू का भाऊ? राग नका मानज्यात. तुमनी टाकी रोज तशीच राहस का?"

त्यात टोमणा अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. मला लाज वाटली. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी कधी नीट पाहिलीच नाही, अक्का," मी म्हणालो.

तेवढ्यात नाना उठून दारात आले होते. मला पाहून आधी गोंधळले, मग प्रुफं हातात घेतली आणि चष्मा शोधत माझ्याशेजारी बसले. अक्का चहा ठेवायला आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "काचबिंदू. दीपनगरला असतानाच सुरू झाला होता. ही दाराला धडकायची, मी म्हणायचो, बघून चाल. सगळ्या मीटरांवर नजर ठेवली भो, तासातासाला. हिचं रीडिंग तेवढं घेतलं नाही." आणि लाल पेनानं आबांच्या मनोगतातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला.

मी म्हणालो, "नाना, मशीन काढा असं मी म्हणालो होतो."

"ऐकलं मी. ट्रिप होतंच असतं. परत लाइनवर घ्यायचं."

चहा पिताना आबांचा किस्सा अक्कांना पहिल्यांदा कळला, कारण नानांनी तोही सांगितला नव्हता. हसता हसता त्यांना ठसका लागला. "डोया मिटा कशाले सांगतस लोकेस्ले?" त्या नानांना म्हणाल्या. "मिटेल डोया मन्हा शेतस ना. त्यास्ले देखू द्या."

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या टेबलासमोर जाऊन सगळं सांगितलं. शेठनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ठेवा. पण मरणाचं काही नको त्यात." मरणाचं काही राहिलं नाही. नाना कामावर आले ते अक्कांचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेऊनच. आता दर वीस मिनिटांनी पडदे हिरवे होतात आणि तिन्ही मशीन एका ठोक्यावर म्हणतात, "भाऊ, जरा लांब देखा." वैशालीलाही भाऊच म्हणतात, पण तिची त्यावर काही तक्रार नाही. आबा परवा अंक न्यायला आले, त्यांनी ते ऐकलं आणि मान डोलवत खरंच खिडकीबाहेर बघितलं. नानांनी त्यांचंही रीडिंग घेतलं.

पहिल्या दिवशी अक्कांचा आवाज आला तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवला आणि टाकीकडे पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. नाना वळले. "हं, रीडिंग?"

"टाकीला लोखंडी शिडी आहे," मी म्हणालो. "खालून सातव्या पायरीवर एक निळी चप्पल अडकलीय. एकच आहे. वर कठड्यावर पारवे बसलेत, पाच. एक जण सारखा बाकीच्यांना ढकलतोय."

नानांनी शब्द न शब्द लिहून घेतला. चप्पल लिहिताना पेन जरा थांबलं. संध्याकाळी वही पिशवीत घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि पिशवीही न ठेवता सरळ माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"घरून विचारलंय," नाना म्हणाले. "डावी की उजवी?"

मशीन बोलायला अजून अवकाश होता. मी उठून खिडकीपाशी गेलो.